ओसूंचे घर कोठे आहे? : चिनुआ अचेबे यांच्या कादंबऱ्या आणि नायजेरियाची राष्ट्रउभारणी

आफ्रिकी वाङ्मयाविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यात एक गोष्ट फार लवकर गृहीत धरली गेली. काळा माणूस म्हणजे दलित, गोरा म्हणजे सवर्ण, आणि काळ्याने लिहिलेले ते सारे आपलेच वाङ्मय! डॉ. म. ना. वानखेडे यांच्या पिढीने अमेरिकेतील निग्रो वाङ्मयाकडे आपले लक्ष वेधले, १९७२ साली दलित पँथरने आपले नावच तिकडच्या चळवळीवरून घेतले, आणि या नात्याने आपल्याला बळ दिले, हे कोणी नाकारणार नाही. पण अमेरिकेतील काळा माणूस गुलामाचा वंशज आहे. नायजेरियातील कादंबरीकार तसा असेलच असे नाही. तो आपल्या गावात पदव्या घेतलेल्या, यामची कोठारे भरलेल्या, सभेत मान असलेल्या घरातला असू शकतो. इंग्रजाने त्याचाही अपमान केला, हे खरे. परंतु इंग्रज येण्यापूर्वी त्याच्या गावात कोणाचा अपमान होत होता, हा प्रश्न विचारल्याशिवाय दलित समीक्षेने ते पुस्तक मिटू नये.

चिनुआ अचेबे (१९३०–२०१३) यांच्या कादंबऱ्यांना हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण त्यांनी स्वतःच तो दोन ठिकाणी आपल्या समोर ठेवला आहे. इग्बो समाजात ‘ओसू’ नावाचा एक वर्ग आहे. ओसू म्हणजे देवाला वाहिलेला माणूस. एकदा वाहिला की तो, त्याची मुले, मुलांची मुले, सारी ओसू. स्वतंत्र कुळातल्या माणसाने त्यांच्याशी लग्न करायचे नाही, त्यांना पदव्या मिळायच्या नाहीत, वस्ती देवळाजवळ वेगळी, केस वाढलेले आणि जटा झालेले. वस्तऱ्याला त्यांनी शिवायचे नाही. मेल्यावर त्यांच्यासाठी गावाची भूमी नाही. हे वाचताना आपल्यापैकी कोणाच्या डोळ्यांसमोर काय येईल ते सांगायला नको. तरी सावध असावे. ओसूपण म्हणजे हुबेहूब अस्पृश्यता नव्हे. येथे जातीला धंदा बांधलेला नाही, चार वर्णांची उतरंड नाही, स्मृतिग्रंथ नाही. देवदासी आणि महार यांच्या मधले काहीतरी, असे फार तर म्हणता येईल; आणि तेही पूर्ण खरे नाही. पण रक्ताने लागणारा आणि पुसता न येणारा डाग, हा गाभा तोच आहे.

आता ज्या देशात हे घडते तो देश कसा झाला ते पाहू. नायजेरिया हे नावच मुळी बाहेरचे. फ्लोरा शॉ या इंग्रज पत्रकार बाईने १८९७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये ते सुचवले. पुढे १९०२ मध्ये तिने ज्याच्याशी लग्न केले त्या फ्रेडरिक लुगार्डने १ जानेवारी १९१४ रोजी उत्तर आणि दक्षिण ही दोन संरक्षित राज्ये एकत्र जोडली. हा लुगार्ड १८५८ साली मद्रासला जन्मलेला, हिंदुस्थानच्या लष्करात उमेदवारी केलेला. जोडणी का झाली? उत्तरेचा खर्च भागत नव्हता आणि दक्षिणेच्या बंदरांवर जकातीचे पैसे जमत होते. म्हणजे एका देशाचा जन्म हिशेबाच्या वहीत झाला. इतके करून दोन्ही भागांचा कारभार वेगळाच ठेवला. १९२२ साली जे कायदेमंडळ निघाले ते दक्षिणेपुरते. उत्तरेचे प्रतिनिधी दक्षिणेच्या प्रतिनिधींबरोबर एका सभागृहात बसले ते १९४७ मध्ये. स्वातंत्र्य आले १९६० च्या १ ऑक्टोबरला. एका देशाच्या लोकांना एकमेकांचे तोंड पाहायला मध्ये अवघी तेरा वर्षे!

उत्तरेत उस्मान दान फोदियो यांनी १८०४ मध्ये सुरू केलेल्या धर्मयुद्धातून सोकोतोची खिलाफत उभी राहिली होती. इंग्रजांनी ती १९०३ मध्ये जिंकली, पण अमीर तसेच ठेवले. अमिरांमार्फत राज्य करायचे, त्यांच्या धर्मात हात घालायचा नाही, आणि मिशनऱ्यांना त्यांच्या मुलखात फिरकू द्यायचे नाही, असा तो व्यवहार होता. संस्थानिक पोसण्याची हीच रीत आपल्याकडे आधीपासून चालू होती. परिणाम असा, की दक्षिणेत शाळा निघाल्या आणि मुसलमान उत्तरेत त्या फारशा निघाल्याच नाहीत. मग उत्तरेच्या कचेऱ्यांत, रेल्वेत, टपालखात्यात कारकून आले ते दक्षिणेचे, विशेषतः इग्बो. त्यांची वस्ती कानोसारख्या शहरात जुन्या तटाबाहेर, ‘साबोन गारी’ म्हणून. साबोन गारी म्हणजे नवे गाव, परक्यांचे गाव. गावकुसाबाहेरचे हे लोक अस्पृश्य नव्हते. हातात पगार होता, लेखणी होती. पण १९५३ मध्ये कानोत दंगल झाली आणि १९६६ मध्ये उत्तरेत इग्बोंची सरसकट कत्तल झाली, तेव्हा मारेकऱ्यांना पत्ता शोधावा लागला नाही. कोणी कोठे राहायचे हे इंग्रजांनी आधीच आखून ठेवले होते.

या पार्श्वभूमीवर अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) वाचली पाहिजे. मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो, आणि ही कादंबरी तेथे ज्या पद्धतीने शिकवली जाते ती मला ठाऊक आहे. ओकोंक्वो हा शूर नायक, त्याचे शोकात्म पतन, परंपरा विरुद्ध आधुनिकता, गोऱ्या अंमलदाराचा उर्मट शेवट. गाइडमध्ये हे सारे सापडते. ओसूंचा प्रसंग मात्र ‘मिशनची प्रगती’ या मथळ्याखाली दोन ओळींत उरकतात. त्याच प्रसंगापाशी एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, या ओसूंची घरे आतून कशी असतील?” कादंबरीत याचे उत्तर नाही.

म्बांता गावात मिशनरी जागा मागतात तेव्हा गावकरी त्यांना ‘दुष्ट रान’ देतात. ज्यांना गाव आपले म्हणत नाही त्यांना टाकायची ही जागा: जुळी मुले, अंगाला सूज येऊन मरणारे, आणि ओसूंची प्रेते. गावाला वाटते चार दिवसांत ही माणसे मरतील. ती मरत नाहीत, तेथे चर्च उभे राहते. अचेबे यांच्या कलेची सर्वात मोठी करामत मला येथे दिसते. गाव ज्या भूमीवर आपली माणसे फेकत होते त्याच भूमीवर गावाचा पराभव उभा राहतो, आणि लेखक हे कोठेही बोलून दाखवत नाही. चार वेळा जुळी होऊन फेकून द्यावी लागलेली न्नेका पहिल्यांदा तेथे येते. मग दोन ओसू येतात. तेव्हा गडबड करतात ते नवे ख्रिस्ती! गाव हसेल, म्हणून ओसूंना बाहेर ठेवा, असे त्यांचे म्हणणे. देव बदलला तरी माणसे तीच असतात. कियागा नावाचा इग्बो धर्मोपदेशक मात्र हटत नाही. तो ओसूंना जटा काढायला सांगतो. वस्तरा लागला तर मरू, या भीतीने ते थरथरतात, पण काढतात. आणि मरत नाहीत.

बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरात महाडला स्त्रियांना सांगितले, की लुगडे नेसण्याची आणि दागिन्यांची जी ठेवण तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखवते ती टाका. जटा आणि लुगडे यांत फरक आहे तो सांगणाऱ्याचा. महाडला आज्ञा देणारा आपल्यातून आला होता. म्बांतात आज्ञा मिशनमधून आली. म्हणून महाडच्या बायका इतिहासात उभ्या राहिल्या आणि म्बांताचे दोन ओसू चर्चच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना कादंबरीत नाव नाही. पुढे त्यांच्यापैकी एकाने पवित्र अजगर मारल्याचा बोभाटा होतो, तेव्हा त्याला नाव मिळते: ओकोली. तो आरोप नाकारतो आणि लगेच आजारी पडून मरतो. नाव मिळाले ते गुन्हेगार म्हणून!

हे सांगताना अचेबे यांना खाली खेचण्याचा हेतू नाही. वसाहतवादी लेखनाने आफ्रिकी माणसाला रानटी ठरवले होते. त्या काळात आपल्या समाजाचे दोष इतक्या उघडपणे मांडणे हे धैर्याचे काम होते. कादंबरीच्या शेवटी गोरा अंमलदार ओकोंक्वोच्या साऱ्या आयुष्याला आपल्या नियोजित ग्रंथात एक परिच्छेद देऊ करतो. त्या उपरोधाला तोड नाही. फक्त माझ्या मनात येते, की अंमलदाराने ओकोंक्वोला एक परिच्छेद दिला, आणि ओकोंक्वोच्या कथाकाराने ओसूंना एक प्रकरण.

‘अ‍ॅरो ऑफ गॉड’ (१९६४) ही माझ्या मते त्यांची श्रेष्ठ कादंबरी, आणि राष्ट्रउभारणीचा विचार तिच्यात सर्वात खोल आहे. उमुआरोची सहा गावे एके काळी वेगळी होती. अबामचे हल्लेखोर रात्री येऊन माणसे गुलाम म्हणून पळवू लागले, तेव्हा सहा गावांनी एकत्र येऊन उलू नावाचा देव घडवला. घडवला, हा शब्द महत्त्वाचा. आकाशातून पडलेला नव्हे, गरजेपोटी केलेला. राष्ट्र असेच होते, हे अचेबे यांना माहीत आहे. उलूचा पुजारी एझेउलू जमिनीच्या तंट्यात आपल्या गावाविरुद्ध खरी साक्ष देतो. ती इंग्रज अधिकारी विंटरबॉटमला आवडते आणि तो त्याला सरकारी मुखिया करू पाहतो. इग्बोंमध्ये राजे नव्हते. लुगार्डची पद्धत चालवायला राजा हवा, म्हणून सरकारने सनद देऊन मुखिये निर्माण केले. या मुखियांचा जाच आणि कराची धास्ती यांतून १९२९ मध्ये इग्बो आणि शेजारच्या समूहांतील हजारो स्त्रियांनी बंड केले, आणि गोळीबारात सुमारे पन्नास स्त्रिया मेल्या. एझेउलू मुखियापद नाकारतो. त्यासाठी तुरुंगात जातो, दोन महिन्यांचे पवित्र याम खायचे राहतात, आणि परत आल्यावर तो नव्या यामचा सण जाहीर करायला नकार देतो. पीक जमिनीत कुजते. चर्च म्हणते, आमच्या देवाला वाहा आणि काढा. लोक तेच करतात.

घडवलेल्या देवाला भुकेच्या वेळी लोक सोडतात. प्रजासत्ताकाचेही तेच झाले. पण या कादंबरीत सहा गावांच्या आत कोण आहे आणि कोणाचे मत घेऊन उलू घडला, हे विचारले जात नाही. ओसूंचा प्रश्न येथे केंद्राच्या जवळपासही येत नाही.

तो येतो ‘नो लाँगर अ‍ॅट ईज’ (१९६०) मध्ये, आणि मग टाळता येत नाही. ओकोंक्वोचा नातू ओबी. गावाच्या संघाने आठशे पौंड कर्जाऊ देऊन त्याला विलायतेला शिकायला पाठवलेले. पहिल्या पिढीचा पदवीधर! गावाने पाठवलेल्या पहिल्या मुलाच्या पाठीवर काय काय लादलेले असते ते आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे, त्यामुळे ओबीविषयी मला सहानुभूती आहे. तो क्लारा या परिचारिकेच्या प्रेमात पडतो. ती सांगते, मी ओसू आहे. ओबी गांगरतो, मग अंगठी आणतो. लागोसमधला मित्र विरोध करतो. उमुओफियाच्या संघाचा अध्यक्ष भर बैठकीत विषय काढतो. आणि मग बाप. हा बाप म्हणजे ‘थिंग्ज फॉल अपार्ट’मधला न्वोये, आता आयझॅक, बापाचे घर आणि बापाचे देव सोडून ख्रिस्ती झालेला. ज्या चर्चने ओसूंच्या जटा काढल्या त्याच चर्चचा हा जन्मभराचा सेवक. तो मुलाला सांगतो, की आपण ख्रिस्ती असलो तरी ओसूशी लग्न करणे शक्य नाही. ओसूपणाला तो महारोगाची उपमा देतो, आणि त्यासाठी दाखला काढतो बायबलातल्याच नामान सेनापतीचा. आई सांगते, मी जिवंत असेपर्यंत नको, नाहीतर जीव देईन. ओबी मोडतो. क्लाराला दिवस गेलेले असतात. गर्भपात, रुग्णालय, ओबीला भेटायला नकार, आणि ती कादंबरीतून निघून जाते.

पूर्व विभागाच्या कायदेमंडळाने ओसू प्रथा १९५६ मध्ये कायद्याने रद्द केली. आपल्याकडे अस्पृश्यता (अपराध) कायदा १९५५ चा. दोन्ही देशांत कायद्याने घराचा उंबरा ओलांडला नाही, कारण लग्न ठरते ते उंबऱ्याच्या आत. अचेबे यांनी हे नेमके पकडले आहे. परंतु कादंबरी ओबीच्या मनात राहते. अंगठी घेताना क्लाराला काय वाटले, त्या डॉक्टरच्या दवाखान्यात तिने काय सोसले, तिचे आईबाप कोण, त्यांनी मुलीला परिचारिका कसे केले? ओबीच्या भ्रष्टाचाराचा उगम समीक्षक शोधतात: कर्ज, विमा, गाडी, लाइटबिल. क्लारा त्या यादीत एक खर्चाची बाब होऊन बसते. स्वतंत्र कुळातल्या मुलाची शोकांतिका व्हावी यासाठी ओसू मुलीचा उपयोग केला जातो. ‘हरिजन मुलीवर प्रेम करणारा ब्राह्मण तरुण’ ही आपल्या सवर्ण कथाकारांची एके काळची लाडकी गोष्ट. तिचीच ही फार वरच्या दर्जाची बहीण आहे. बहीण मात्र आहे.

हे केवळ कादंबरीचे दुखणे नाही. नायजेरियाचा सारा राजकीय विचार हौसा-फुलानी, योरुबा, इग्बो अशा तीन थोरांच्या वाटणीभोवती फिरला. १९४६ च्या घटनेने तीन विभाग केले. प्रत्येक विभागात एक मोठा समूह मालक झाला, त्याचा एक पक्ष झाला, आणि बाकीचे त्याच्या दयेवर राहिले. उत्तर विभाग तर एकटाच उरलेल्या दोघांहून मोठा. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषिक राज्यांविषयी लिहिताना दोन धोके सांगितले होते. एक, राज्यातल्या बहुसंख्य जातीच्या हाती सत्ता जाऊन लहान जाती चिरडल्या जातील. दुसरा, अवाढव्य उत्तर आणि तुकड्यांतले दक्षिण यांचा तोल बिघडेल. ते हिंदुस्थानाविषयी बोलत होते. पण ते पुस्तिकेएवढे लेखन लागोसमध्ये कोणी वाचले असते तर त्यांना आपल्याच देशाचा नकाशा दिसला असता. १९५७ मध्ये अल्पसंख्याकांच्या भीतीची चौकशी करायला विलिंक आयोग नेमला गेला. भीती खरी आहे हे त्याने मान्य केले, पण वेगळी राज्ये नाकारली आणि मूलभूत हक्कांची सनद पुढे केली. केवळ हक्कांचे शब्द कोणाचे रक्षण करत नाहीत. म्हणून तर ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ (१९४७) मध्ये बाबासाहेब शब्दांवर थांबले नव्हते, अंमलबजावणीची यंत्रणा मागत होते.

पुढचे थोडक्यात. ‘अ मॅन ऑफ द पीपल’ जानेवारी १९६६ मध्ये निघाली. तिच्या शेवटी लष्करी उठाव होतो, आणि त्याच महिन्यात, १५ तारखेला, खराच झाला. जुलैत उलटा उठाव, उत्तरेत कत्तली, १९६७ च्या ३० मे रोजी बियाफ्राची घोषणा, आणि जानेवारी १९७० पर्यंत युद्ध. दहा लाखांपासून तीस लाखांपर्यंत माणसे मेल्याचे अंदाज आहेत, त्यांत उपासमारीने मेलेली मुले फार. अचेबे बियाफ्राच्या बाजूने उभे राहिले, त्यासाठी परदेशी फिरले, १९६९ च्या अहिआरा जाहीरनाम्याच्या मसुद्यात त्यांचा हात होता. त्यांचा मित्र, कवी ख्रिस्तोफर ओकिग्बो १९६७ मध्येच लढताना मेला. चाळीसहून अधिक वर्षांनी त्यांनी ‘देअर वॉज अ कंट्री’ (२०१२) लिहिले. त्या पुस्तकातले दुःख खरे आहे, आणि नाकेबंदीने माणसे उपाशी मारण्याच्या धोरणावरचा राग न्याय्य आहे. योरुबा नेते आवोलोवो यांच्यावरील आरोपावरून तेव्हा मोठा गदारोळ उठला. तो वाद पुन्हा दोन थोरांमधलाच. बियाफ्राच्या हद्दीत इबिबिओ, एफिक, इजॉ, ओगोनीही राहत होते आणि तेलाचा मोठा भाग त्यांच्या पायांखाली होता. त्यांना बियाफ्रा हवा होता का, या प्रश्नाला त्या पुस्तकात मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. ओगोनी लेखक केन सारो-विवा युद्धात संघराज्याच्या बाजूने गेला तो या प्रश्नामुळे. आणि १९९५ च्या १० नोव्हेंबरला त्याच संघराज्याच्या लष्करी राजवटीने त्याला फाशी दिले. लहान समूहाला घर मिळत नाही. मिळते ते फक्त मालक बदलण्याचे स्वातंत्र्य. आज नायजेरियात ३६ राज्ये आहेत. राज्ये वाढली तसे प्रत्येक राज्यात नवे मालक झाले.

वसाहतवादाविषयी आपली भूमिकाही येथे तपासून घेण्यासारखी आहे. इंग्रजांनी ओसूंना दार उघडले, असे म्हणावे काय? मिशनच्या शाळांत ओसूंची मुले लवकर गेली, शिकली, काही श्रीमंत झाली, हे खरे. महार पलटणीने आपल्याला जे दिले ते आपण विसरत नाही. पण १९३० मध्ये गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांना तोंडावर विचारले होते, की तुमच्या राज्याने अस्पृश्यांची स्थिती बदलली काय? नायजेरियात त्याचे उत्तर अधिकच उघडे आहे. ज्या सरकारने अमिरांना अभय दिले आणि मुखिये निर्माण केले त्याला खालच्या माणसाशी काही देणेघेणे नव्हते. दार उघडे राहिले ते निष्काळजीपणाने. त्यातून जे आत शिरले ते स्वतःच्या हिमतीवर.

चिमामांदा न्गोझी अदिची यांची ‘हाफ ऑफ अ यलो सन’ (२००६) या संदर्भात आठवते. तिच्यात न्सुक्का विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडे उग्वू नावाचा खेड्यातला पोरगा घरकामाला येतो. युद्धावरच्या एका पुस्तकाचे तुकडे कादंबरीत मधूनमधून येत राहतात. ते कोण लिहितो आहे याचा आपण अंदाज बांधत राहतो, बहुधा त्या घरी येणारा इंग्रज, असे वाटते. शेवटी कळते, लिहिणारा उग्वू आहे. सैन्यात असताना एका मुलीवरील बलात्कारात तो सामील झालेला आहे आणि ते ओझे घेऊनच तो लिहितो. लेखणी गोऱ्याकडून काढून मालकाच्या नव्हे, नोकराच्या हाती देणे, हे अचेबे यांच्या पुढचे पाऊल आहे. तरीही उग्वू गरीब आहे, ओसू नाही.

२०१८ च्या अखेरीस इग्बोंच्या न्री या प्राचीन स्थानी ओसू प्रथा संपल्याचा विधी झाला. कायद्यानंतर बासष्ट वर्षांनी पुन्हा ती संपवावी लागली. लग्न ठरण्याआधी घराण्याची चौकशी करायला गावी माणूस पाठवण्याची रीत तिकडे आहे, आणि तो माणूस काय विचारून येतो हे सर्वांना माहीत असते. क्लारासारखी एखादी मुलगी जेव्हा ही चौकशी आपल्या अंगणातून, दाराच्या आतल्या बाजूने लिहील, तेव्हा माझ्या वर्गातल्या त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला कादंबरीतून उत्तर मिळू लागेल. तोपर्यंत ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ शिकवताना अठरावे प्रकरण दोन ओळींत उरकू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.